आशांचं एचआयव्हीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण: काय घ्यावं, काय गाळावं?

सीएचओ_गेवराई
दसऱ्याआधी 28 आशा आणि 2 गटप्रवर्तकांचं प्रशिक्षण घ्यायचंय. मिळालेल्या स्लाइडांत विषाणूची रचना, सीडी4 पेशी आणि जगाची आकडेवारीच जास्त. दसरा झाला की गावं ऊसतोडीला रिकामी होतात. वेळ कशाला द्यावा? आणि आशांना बोट टोचून चाचणी शिकवावी का?

समुपदेशक_आयसीटीसी
विषाणूला अर्धा तास पुरे. कशाने होतो, कशाने होत नाही, आणि गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, एवढं पक्कं करा. शेवटची गोष्ट निम्म्या आशांना खरी वाटणार नाही. तिथं मात्र घाई करू नका.

बाकी वेळ बोलण्याच्या सरावाला द्या. तिघींचे गट पाडा: एक आशा, एक सून, एक सासू. सासू शेजारून उठतच नाही, हाच धडा. अशा वेळी घरात विषय काढायचा नाही. ‘उद्या वजनाला उपकेंद्रात ये’ म्हणायचं आणि तिथं बोलायचं. सुरुवात ‘अंगावरून पांढरं जातं का, खाली जखम-फोड आहे का’ इथून. पुरुषांना परमा, गरमी हे शब्द कळतात. ‘लैंगिक संक्रमित आजार’ म्हटलं की माना डोलतात, पण समजलेलं काही नसतं.

दुसरं म्हणजे डायरी. नावापुढे लाल गोल केला की वहीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कळतं. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे: संमतीशिवाय चाचणी नाही, आणि कुणाचा निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. नवऱ्याचा निकाल सासूला सांगणंही यात आलं. मासिक बैठकीत नाव मोठ्यांदा वाचणं, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात ‘अमकीला आणलं’ असा मेसेज टाकणं, भंग बहुतेक असाच होतो. हे गटप्रवर्तकांना वेगळं बसवून सांगा, कारण यादी त्याच मागतात.

एलटी_ग्रामीण_रुग्णालय
बोट टोचणं सिस्टरकडेच ठेवा. आशाने बाई आणायची, सोबत बसायचं, पुढे आयसीटीसीपर्यंत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन-तपासणी केंद्रापर्यंत, पोचवायचं. तरी चाचणी कुठं फसते ते आशांनाही दाखवा.

बहुतेक किट 2 ते 30 अंशांत ठेवायचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या उपकेंद्रात पारा चाळिशीच्या वर जातो. आयएलआर हा खास फ्रिज फक्त लसींसाठी असतो, त्यात किट कोंबू नका. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या फ्रिजमध्ये ठेवा, शिबिराच्या दिवशी लागतील तेवढेच काढा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच पाकीट फोडा. आधी फोडून ठेवलं तर ओल धरते. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसायचा, बोट पिळायचं नाही. एका कंपनीचं बफर दुसऱ्या किटला चालत नाही. वेळ किटच्या कागदावर लिहिलेली असते, ती उलटल्यावर उमटलेली फिकट रेघ मोजायची नाही. ‘सी’ची, म्हणजे किट नीट चाललंय हे दाखवणारी, रेघ आली नाही तर चाचणीच बाद.

रेघ आली तरी गावात ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उच्चारायचा नाही. एका चाचणीवर निदान होत नाही, ते आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या चाचण्यांवर ठरतं. ‘आणखी रक्त तपासायला तालुक्याला जाऊ’ एवढंच बोलायचं. आणि सुई टोचली गेलीच तर बोट दाबत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे. पीईपीची, म्हणजे लागण रोखणारी, गोळी जितकी लवकर तितकी चांगली, 72 तासांच्या आत हवीच, पुढे 28 दिवस.

लिंकवर्कर_सुपरवायझर
ऊसतोडीचं गणित फळ्यावर मांडा. टीएलडी या एचआयव्हीच्या गोळीच्या बाटलीत 30 गोळ्या, रोज एक. तीन बाटल्या मिळाल्या तरी 90 दिवस. दसऱ्याला निघालेली टोळी गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते, म्हणजे मध्ये निदान दोन महिने मोकळे. म्हणून निघण्याआधी एआरटी केंद्रावर, म्हणजे या गोळ्या मिळतात तिथं, जाऊन कारखान्याचा जिल्हा सांगायचा आणि तिथल्या केंद्रावर गोळ्या मिळण्याची सोय लावून घ्यायची. हे दसऱ्यानंतर सुचून उपयोग नाही, तोवर मुकादमाची गाडी निघालेली असते.

कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, लपवायला जागा नसते, त्यात बाटली खडखड वाजते. म्हणून बाया गोळ्या कागदात बांधून घेतात आणि त्या ओलसर होतात. गोळ्या बाटलीतच, आतल्या ओल शोषणाऱ्या पुडीसकट ठेवायच्या आणि बाटलीला कापड गुंडाळायचं.

गरोदर बाईला लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आशाच देते. टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध त्यांच्यासोबत उपाशीपोटी घेतलं तर अंगी कमी लागतं. टीएलडी त्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची, नाहीतर त्यांच्यासोबत जेवणातच.

सीएचओ_गेवराई
हे लोह-कॅल्शियमचं स्लाइडांत कुठंच नव्हतं. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्यांचं काय?

समुपदेशक_आयसीटीसी
तिथंच धागा तुटतो. तपासणी सासरी, बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात. सातवा महिना लागला की माहेर विचारून घ्या आणि बाईची संमती घेऊन तिथल्या समुपदेशकाशी आमच्यामार्फत बोलणं करून द्या. कार्डावर काही लिहू नका. बाळाला जन्मताच नेव्हिरापिन हे बचावाचं औषध सुरू होतं, सहसा सहा आठवडे. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील तर औषध आणि मुदत डॉक्टर ठरवतात. पहिली रक्ततपासणी सहा आठवड्यांना, म्हणजे दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच. तो दिवस धरला की वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. अंतिम निकाल 18 महिन्यांना. सहा महिने निव्वळ आईचं दूध. बाळगुटी, मध, वरचं पाणी बंद, कारण दोन्ही मिसळलं की धोका वाढतो. आजीला मात्र ‘पोट बिघडतं’ एवढंच कारण सांगा. तेही खरंच आहे.

लिंकवर्कर_सुपरवायझर
निरोधचं प्रात्यक्षिक उरकू नका, प्रत्येकीकडून लाकडी मॉडेलवर करून घ्या. तारीख बघणं, पाकीट दातांनी न फोडणं, टोक चिमटीत धरून हवा काढणं, मुळापर्यंत उलगडणं, काढताना मुळाशी धरणं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की रबर फाटतं, हे बजावून सांगा. पहिली दहा मिनिटं हशा होतो, होऊ द्या. साठा पत्र्याच्या पेटीत नको, घरातल्या गार कोपऱ्यात. आणि बैठकीच्या पाठीवर 1097 हा एड्स हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्यायला लावा, ज्यांना आशाशी बोलायचं नसतं ते तिथं विचारतात.

एलटी_ग्रामीण_रुग्णालय
‘बैठकीच्या पाठीवर’ म्हणजे डायरीच्या पाठीवर असणार.

लिंकवर्कर_सुपरवायझर
हो, डायरीच्याच. मोबाइलवर टाइप करतोय.