हंबनटोटा चीनने खरंच जप्त केलं का? आकडे जुळत नाहीयेत

सायली_टीवाय
नमस्कार मंडळी, टीवायला आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरसाठी प्रेझेंटेशन करतेय, विषय श्रीलंका-चीन-भारत. जिथे बघावं तिथे एकच वाक्य मिळतंय, श्रीलंकेला कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीनने हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी काढून घेतलं. घरी बाबाही हेच सांगतात आणि क्लासच्या नोट्समध्येही हेच आहे. पण मी तारखा लावून बघितल्या तर गोंधळ व्हायला लागला. २०१७ ला चायना मर्चंट्स या चीनच्या सरकारी कंपनीने बंदरासाठी ११२ कोटी डॉलर दिले. म्हणजे पैसे श्रीलंकेकडे आले ना? मग जप्ती कशी म्हणायची? आणि देश दिवाळखोर झाला तो एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे जवळपास ५ वर्षांनी. आणि जर ही जप्ती नसेलच तर मग भारत या बंदरावरून एवढा अस्वस्थ का असतो? कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज, मला गुळगुळीत उत्तर नकोय.

वसंत_कुलाबा
सायली, तुझी शंका एकदम रास्त आहे. मी बँकेच्या परकीय चलन विभागातून रिटायर झालोय त्यामुळे पैशाची बाजू सांगतो, बाकीचं इतर लोक सांगतीलच.

पहिलं म्हणजे या बंदराची कल्पना चीनची नाहीच. कॅनडाच्या एका कंपनीने २००३ ला आणि डेन्मार्कच्या रॅम्बोलने २००६ ला व्यवहार्यता अभ्यास केले होते, आणि हंबनटोटा हा तेव्हाचे अध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचा स्वतःचा जिल्हा, त्यामुळे त्यांना ते करायचंच होतं. चीनच्या सरकारी एक्झिम बँकेने २००७ ला पहिल्या टप्प्यासाठी ३०.७ कोटी डॉलर दिले, व्याज ६.३ टक्के, जे स्वस्त अजिबात नव्हतं. नंतर २०१२ ला आणखी ७५.७ कोटी, ते मात्र २ टक्क्यांनी. बंदर २०१० मध्ये घाईघाईने सुरू केलं आणि २०१२ च्या अख्ख्या वर्षात तिथे जेमतेम ३४ जहाजं लागली, शेजारी कोलंबोत त्याच वर्षी साडेतीन हजारांच्या वर. म्हणजे धंदाच नव्हता.

आता २०१७ चं. तेव्हा सिरिसेना-विक्रमसिंघे सरकार होतं आणि त्यांची खरी अडचण हंबनटोटाचा हप्ता नव्हती तर डॉलरची चणचण होती. चीनच्या कंपनीने भाडेपट्ट्यापोटी जे ११२ कोटी डॉलर दिले त्यातून एक्झिम बँकेचं कर्ज फेडलेलं नाही, ते पैसे परकीय गंगाजळीत गेले आणि बंदराचं कर्ज श्रीलंका सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. घरातली एक खोली लांब मुदतीने भाड्याने द्यावी आणि आलेल्या पागडीतून भलत्याच सावकारांची देणी भागवावीत, तसं झालं हे. जप्तीत कर्ज मिटतं, इथे मिटलं नाही, एवढं एक वाक्य तुझ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाक.

भलते सावकार म्हणजे कोण, तर न्यूयॉर्क-लंडनचे बाँडवाले. श्रीलंकेने २००७ ला पहिला ५० कोटी डॉलरचा आंतरराष्ट्रीय बाँड काढला आणि मग सवयच लागली, २०२२ पर्यंत असे बाँड साडेबारा अब्ज डॉलरच्या आसपास गेले. चीनचं सगळं मिळून, सरकारी बँका वगैरे धरून, सरकारी परकीय कर्जातला वाटा साधारण पाचवा हिस्सा. कमी नाही, पण देश त्या एकट्यामुळे बुडाला असंही नाही. २०१९ च्या शेवटी महिंदांचे भाऊ गोटाबाया अध्यक्ष म्हणून आले आणि व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, त्याच वर्षी ईस्टरचे बॉम्बस्फोट झालेले, मग कोविडने टुरिझम बसलं, आणि २०२१ ला रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी, भात आणि चहा दोन्ही पिकांना मार बसला. एप्रिल २०२२ मध्ये वापरता येतील असे डॉलर ५ कोटींच्याही खाली आले होते. माणसं पेट्रोल पंपावर दिवसदिवस रांगेत उभी होती, शाळांना परीक्षा घ्यायला कागद नव्हता. ते दिवस आठवले की अजूनही वाईट वाटतं, सामान्य माणसाचा काय दोष होता त्यात.

दर्या_सेकंडमेट
वसंतकाकांनी पैशाचं छान सांगितलं. मी मर्चंट नेव्हीत आहे तर जागेचं सांगतो, कारण नकाशावर बघून ते कळत नाही.

सुएझकडून किंवा आखातातून मलाक्काला जाणारं जहाज श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला डोंड्रा हेडला वळसा घालूनच जातं, दुसरा शहाणा रस्ता नाही. तिथे रात्रीच्या वॉचला ब्रिजवर उभं राहिलं की रडारवर आणि एआयएसवर (जहाजाची ओळख नि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) जहाजांची रांग लागलेली असते, पूर्वेकडे जाणारे तेलाचे टँकर, पश्चिमेकडे येणारे कंटेनरवाले, मधेच श्रीलंकेच्या मच्छीमारांच्या बारक्या बोटी ज्यांच्याकडे कधीकधी धड दिवाही नसतो, आणि वॉचवाल्याला डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. हंबनटोटा या लाइनपासून दहाएक नॉटिकल मैलांवर आहे, म्हणजे जहाजाला वाट वाकडी करायची गरज नाही. चीन, जपान, कोरिया यांचं आखाती तेल इथूनच जातं, म्हणून ही जागा सगळ्यांनाच हवी असते.

आणि बंदर आता रिकामं नाहीये बरं का, कंटेनरच्या मागे न लागता त्यांनी गाड्यांचं ट्रान्सशिपमेंट धरलं, म्हणजे एका जहाजातून उतरवून दुसऱ्यावर चढवणं, रो-रो जहाजं येतात ज्यात गाड्या चालवतच आत-बाहेर नेतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या भारतात बनलेल्या असतात. बंकरिंग, म्हणजे जहाजांना इंधन भरणं, पण सुरू आहे. तर ते बंदर फेल गेलं असं जे अजून लिहितात त्यांनी माहिती अपडेट करावी.

रणजित_देवळाली
आकड्यांबद्दल वाद नाही पण इथे दोघांनी सुरक्षेचा भाग बाजूलाच ठेवला, आणि सायलीचा दुसरा प्रश्न तोच होता. जप्ती नव्हती म्हणजे धोका नाही असं अजिबात समजू नका.

सप्टेंबर २०१४ मध्ये चीनची पाणबुडी कोलंबोत येऊन लागली, आणि ती कुठे लागली तर चायना मर्चंट्सचे ८५ टक्के असलेल्या कंटेनर टर्मिनलवर. दिल्लीने नाराजी कळवली तरी दीडदोन महिन्यांत परत आली. मग १६ ऑगस्ट २०२२ ला युआन वांग ५ हंबनटोटात आलं, उपग्रह आणि क्षेपणास्त्रं ट्रॅक करणारं जहाज. आधी ते ११ तारखेला येणार होतं, भारताने हरकत घेतल्यावर कोलंबोने पुढे ढकला सांगितलं, आणि शेवटी एआयएस चालू ठेवायचं नि श्रीलंकेच्या हद्दीत संशोधन करायचं नाही या अटींवर येऊ दिलं. त्या आठवड्यांत श्रीलंकेला भारताची मदत चालूच होती, वर्षभरात जवळपास ४ अब्ज डॉलरची, डिझेल तांदूळ औषधं सगळं, तरीही त्यांना चीनला नाही म्हणता आलं नाही, कारण कर्जाच्या पुनर्रचनेला चीनचा होकार लागणार होता. कर्जाचा दाब असा चालतो. कागदावर बंदर कोणाचं हे दुय्यम आहे.

तळ आहे का तर नाही. बंदराची सुरक्षा श्रीलंकेच्या नौदलाकडे आहे आणि चीनने परदेशातला पहिला लष्करी तळ २०१७ ला जिबूतीत उघडला, हंबनटोटात नाही. पण ९९ वर्षं म्हणजे चार पिढ्या, त्यात कोलंबोत किती सरकारं बदलतील कोण सांगणार.

सायली_टीवाय
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, हे असं एकत्र कुठेच वाचायला मिळालं नव्हतं 🙏 रणजित सर, मग आता परिस्थिती काय आहे? आणि भारताने नुसती नाराजी कळवण्यापलीकडे काय केलंय?

रणजित_देवळाली
बरंच बरं आहे २०२२ पेक्षा. जानेवारी २०२४ पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी घातली होती. अनुरा कुमार दिसानायके अध्यक्ष झाल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये पहिला परदेश दौरा दिल्लीचा केला आणि आमची जमीन भारताच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाही असं सांगितलं, एप्रिल २०२५ ला संरक्षण करारही झाला. पण मधल्या जानेवारीत ते बीजिंगलाही जाऊन आले आणि सिनोपेक या चीनच्या सरकारी तेल कंपनीच्या ३.७ अब्ज डॉलरच्या रिफायनरीचा करार झाला, तोही हंबनटोटातच. छोट्या देशाने दोन्हीकडे बोलणं ठेवावं यात मला काही गैर वाटत नाही, आपण त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

उरणकर_फॉरवर्डर
भारताने काय केलं याचं उत्तर मी देतो कारण रोज न्हावा शेवाला कंटेनर याच लफड्यात असतात. आपल्याकडे खोल पाण्याची बंदरं कमी म्हणून आपला बराच माल छोट्या फीडर जहाजाने कोलंबोला जातो आणि तिथून मोठ्या जहाजावर चढतो, यात दिवस पण जातात आणि डॉलर पण, आणि इम्पोर्टर रोज फोन करून आमचं डोकं खातो ते वेगळंच. म्हणजे कोलंबो आपल्या मालावर जगतं आणि आपण कोलंबोवर अवलंबून.

त्यासाठी २०१९ ला भारत-जपान मिळून ईस्ट कंटेनर टर्मिनल करायचं ठरलेलं, तिथल्या कामगार युनियन रस्त्यावर उतरल्या आणि फेब्रुवारी २०२१ ला ते रद्द. मग बदल्यात वेस्ट टर्मिनल मिळालं, त्यात अदानीचे ५१ टक्के, श्रीलंकेच्या जॉन कील्स कंपनीचे ३४, उरलेले तिथल्या पोर्ट अथॉरिटीचे, एप्रिल २०२५ ला सुरू झालं. चीनच्या टर्मिनलच्या शेजारीच. आणि घरात म्हणाल तर केरळात विळिंजम बंदराचं उद्घाटन मे २०२५ मध्ये झालं, तिथून पण जहाजांची इंटरनॅशनल लाइन दहाच मैलांवर. आपल्याकडे पालघरला वाढवण येतंय, ७६,२२० कोटींचं, पाण्याची नैसर्गिक खोली २० मीटरच्या आसपास, ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. धंद्याच्या दृष्टीने मला ते हवंय हे मी स्पष्टच सांगतो, पण डहाणूकडच्या मच्छीमारांचं आधी नीट बसवा, त्यांची मासेमारीची जागा जाणारे आणि त्यांची भीती खोटी नाहीये. हंबनटोटाच्या लोकांनीही जानेवारी २०१७ ला जमिनीसाठी दगड उचलले होते.

वसंत_कुलाबा
एक भर टाकतो सायली, त्रिंकोमाली विसरू नकोस. इंग्रजांच्या काळातल्या ९९ तेलटाक्या आहेत तिथे, पूर्व किनाऱ्यावर, उत्तम नैसर्गिक बंदर. त्या भारताने श्रीलंकेबरोबर मिळून सुरू करायच्या हे राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या १९८७ च्या पत्रांत आलेलं आहे, आणि ६१ टाक्यांसाठी संयुक्त कंपनीचा करार झाला जानेवारी २०२२ मध्ये. मधली बरीच वर्षं सरकारी फायलीत गेली, तेवढ्यात चीनने हंबनटोटा मागणी येताच बांधून दिलं. एप्रिल २०२५ ला यूएईला सोबत घेऊन त्रिंकोमालीत ऊर्जा केंद्र करायचा तिहेरी करार झालाय, त्यावर एक स्लाइड नक्की ठेव, सर त्यावरच प्रश्न विचारतील.