ट्रेलरवरून अभिनयाच्या ऑस्कर नामांकनांचा अंदाज कितपत बांधता येतो?

मृण्मयी_वाचते

नमस्कार. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरांटो या महोत्सवांच्या सुमारास, वर्षअखेरीस येणाऱ्या चित्रपटांचे ट्रेलर एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागतात. ते पाहून अभिनयाच्या चारही विभागांसाठी संभाव्य नावांची यादी करून ठेवण्याची मला अनेक वर्षांची आवड आहे. मुख्य भूमिकांची नावे पुष्कळदा जुळतात, सहाय्यक भूमिकांची मात्र क्वचितच. असे का होत असावे? ट्रेलर पाहताना कोणत्या खुणांवर भरवसा ठेवावा आणि कोणत्या फसव्या समजाव्यात, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पडद्यामागे

मृण्मयीताई, ट्रेलर बहुधा दिग्दर्शक करत नाही. स्टुडिओचा जाहिरात विभाग तो या कामात मुरलेल्या संस्थांकडून करवून घेतो. त्यामुळे त्यात अभिनयाचा दर्जा शोधण्याआधी वितरकाचा हेतू शोधावा. शेवटचे दृश्य कोणाला दिले आहे, कोणाचे वाक्य पार्श्वसंगीत थांबवून पूर्ण ऐकवले आहे, कोणाच्या नावाआधी ‘ऑस्कर विजेती’ अशी पाटी येते, आणि चित्रपट ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो आहे का, एवढे पाहिले तरी कोणाच्या प्रचारावर पैसा खर्च होणार आहे हे बरेचसे कळते. आपला मुख्य भूमिकांचा अंदाज जुळतो तो याचमुळे, असे मला वाटते.

सर्वांत फसवी खूण म्हणजे रंगभूषेने पालटलेला चेहरा. ‘डार्केस्ट अवर’च्या (२०१७) ट्रेलरमध्ये गॅरी ओल्डमन चर्चिलच्या रूपात ओळखूही येत नव्हते, आणि पुढे त्यांना पुरस्कारही मिळाला. पण ‘जे. एडगर’मध्ये (२०११) लिओनार्डो डिकॅप्रिओ यांच्याकडेही तेच सारे होते: इतिहासातील खरी व्यक्ती, वार्धक्याची रंगभूषा, नामवंत दिग्दर्शक. तरीही ऑस्करच्या यादीत त्यांचे नाव आले नाही.

संकलनरसिक

वरील मुद्दे मान्य आहेत, पण अभिनय ट्रेलरमधून मुळीच दिसत नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो दिसतो; कुठे पाहायचे ते ठरवावे लागते.

ट्रेलरमधील एकेक तुकडा जेमतेम दोन-तीन सेकंदांचा असतो, आणि ऐकू येणारे वाक्य पुष्कळदा दिसणाऱ्या दृश्यातले नसतेच. एका प्रसंगातला संवाद दुसऱ्या प्रसंगातल्या चेहऱ्यावर पसरलेला असतो. म्हणून रडणे, ओरडणे, वस्तू फेकणे अशा क्षणांवरून मी काहीही ठरवत नाही. असे क्षण संगीताच्या चढत्या लयीवर कोणाचेही प्रभावी दिसतात. माझे लक्ष असते ते समोरचे पात्र बोलत असताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. संकलकाने तो चेहरा नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ पडद्यावर राहू दिला असेल, तर तिथे काहीतरी घडत असल्याचे त्यालाही जाणवलेले असते. दुसरी गोष्ट आवाजाची. एकच व्यक्ती वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या लोकांशी बोलताना आवाजाची ठेवण बदलते का, हे डोळे मिटून ऐकावे. भूमिका आतून बांधलेली असेल तर ते एवढ्याशा अवधीतही कळते, आणि मला स्वतःला ट्रेलरमधली हीच खूण सर्वाधिक मोलाची वाटते.

सहाय्यक भूमिकांची अडचण वेगळी आहे. कथा फुटू नये म्हणून ट्रेलर उत्तरार्धाला सहसा हात लावत नाही, आणि सहाय्यक भूमिकेची खरी ताकद अनेकदा तिथल्याच एखाद्या प्रसंगात असते. ‘नेटवर्क’मध्ये (१९७६) बिआट्रिस स्ट्रेट पडद्यावर पाच मिनिटांच्या आसपासच आहेत, नवऱ्याने दुसऱ्या स्त्रीवरील प्रेमाची कबुली दिल्यावर त्यांचा जो प्रसंग येतो, त्यावरच मुख्यतः त्यांना पुरस्कार मिळाला. ज्युडी डेंच यांना ‘शेक्सपिअर इन लव्ह’साठी (१९९८) पुरस्कार मिळाला, ती भूमिकाही आठ मिनिटांच्या जवळपासची. अशा भूमिकेतला दोन सेकंदांचा तुकडा पाहून कोणीही काय ओळखणार?

मतपत्रिका

मतदानाची रीत लक्षात घेतल्याशिवाय ही चर्चा पूर्ण होणार नाही. अभिनयाची नामांकने ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या अभिनेता शाखेचे सदस्यच ठरवतात. सर्व सदस्यांचे मत अंतिम फेरीतच घेतले जाते. नामांकनासाठी प्रत्येक जण पाच नावे पसंतीक्रमाने लिहितो, आणि एकूण मतपत्रिकांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळवणाऱ्याची जागा निश्चित होते. समजा १२०० मतपत्रिका आल्या, तर २०१ मते पुरेशी. मोजणी पहिल्या पसंतीपासून सुरू होते आणि सर्वांत कमी मते असलेले नाव बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे ज्याला कोणीच पहिली पसंती दिलेली नाही, तो शेकडो मतपत्रिकांवर पाचव्या क्रमांकावर असला तरी सुरुवातीलाच बाहेर पडतो.

भव्य ट्रेलर नाव सर्वतोमुखी करतो, पण पहिली पसंती मिळवून देतोच असे नाही. ‘टू लेस्ली’ हा छोटा चित्रपट फारच थोड्या प्रेक्षकांनी चित्रपटगृहात पाहिला होता. परंतु सहकलाकारांनी आपापसांत इतक्या उत्कटतेने शिफारस केली की जानेवारी २०२३ मध्ये अँड्रिया राइझबरो यांचे नाव मुख्य अभिनेत्रींच्या यादीत आले. त्यावर वाद झाला, प्रचाराच्या पद्धतीची अकादमीने चौकशीही केली, पण नामांकन कायम राहिले.

मृण्मयी_वाचते

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्याची सूचना फारच उपयोगी आहे. आणखी एक विचारते: दोन कलाकारांना ट्रेलरमध्ये सारखेच स्थान असेल, तर मुख्य कोण आणि सहाय्यक कोण, हे कशावरून ठरवावे?

मतपत्रिका

ट्रेलरवरून ते ठरवूच नये. स्टुडिओ एका विभागासाठी प्रचार करतो, पण भूमिका कोणत्या विभागात घालायची हे प्रत्येक मतदार स्वतः ठरवतो. ‘द रीडर’साठी केट विन्स्लेट यांचा प्रचार सहाय्यक अभिनेत्री म्हणून झाला, गोल्डन ग्लोब त्यांना त्याच विभागात मिळाला, आणि २००९ मध्ये ऑस्कर मात्र मुख्य अभिनेत्रीचा मिळाला. ‘ज्युडास अँड द ब्लॅक मसाया’मध्ये डॅनियल कलुया आणि लकीथ स्टॅनफील्ड दोघेही कथेच्या केंद्रस्थानी आहेत, स्टॅनफील्ड यांचा प्रचार मुख्य अभिनेता म्हणून होऊनही २०२१ मध्ये दोघेही सहाय्यक विभागातच आले.

तेव्हा सप्टेंबरच्या यादीत केवळ नावे लिहावीत आणि विभागाचा रकाना अभिनेत्यांच्या संघटनेची, म्हणजे सॅग-आफ्ट्राची (पूर्वीच्या स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डची), नामांकने येईपर्यंत रिकामा ठेवावा. त्या संघटनेचे आणि अकादमीच्या अभिनेता शाखेचे काही मतदार सामाईक आहेत. विन्स्लेट यांना त्या संघटनेचाही पुरस्कार सहाय्यक विभागातच मिळाला होता, हे ध्यानात घेऊन ते रकाने पेन्सिलीनेच भरावेत.