पॉवर बीआय: गिऱ्हाइकाचा दर सुपरवायझरला दिसू नये, पण रिजेक्शन दिसावं. कसं करायचं?

शिरोली_फौंड्रीवाला
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डेटाचं काम बघतो. टॅलीतली विक्री आणि शॉपमधल्या एक्सेल शीटा (हीट म्हणजे भट्टीची एकेक खेप, वजन, रिजेक्शन) गोळा करून पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर) एकच मॉडेल, म्हणजे रिपोर्टांमागचा जोडलेला डेटा, केलंय. मेल्टिंग-फेटलिंगचे (धातू वितळवणं आणि कास्टिंग साफ करणं) सुपरवायझर रोजचं रिजेक्शन बघतात, मार्केटिंगवाले आपापली गिऱ्हाइकं, मालक आणि अकाउंट्स सगळं.

घोळ दराचा हाय. कास्टिंगचा किलोमागचा दर गिऱ्हाइकागणिक वेगळा. आज आमच्याकडं असलेला सुपरवायझर उद्या गोकुळ शिरगावच्या नाहीतर कागलच्या फौंड्रीत जाणार, त्यात काही गैर नाही. दर बरोबर जाऊ नये एवढंच. मालक म्हणतात, "दराचं पान लपव की, झालं." मला पटत नाही. पान लपवलं तरी मॉडेलमध्ये दर आहेच की.

दुसरं. मार्केटिंगसाठी गिऱ्हाईक-ईमेल अशी टेबल करून यूझरप्रिन्सिपलनेमवर (लॉगिन केलेल्याचा ईमेल देणारं फंक्शन) रोल, म्हणजे कुणाला काय दिसावं याचा नियम, लावलाय. डेस्कटॉपला 'व्ह्यू अ‍ॅज'मध्ये (दुसऱ्याच्या नजरेनं रिपोर्ट बघायची सोय) झकास चालतंय. पब्लिश केल्यावर एकाला मात्र सगळ्यांची गिऱ्हाइकं दिसायला लागली. बाकीच्यांचं ठीक.

पंचगंगाकाठ
त्या एकाला वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट पब्लिश होतो ते ऑनलाइन फोल्डर) कॉन्ट्रिब्युटर किंवा मेंबर केलंय का बघा. रो लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारा तुमचा रोल, फक्त व्ह्यूअरला (नुसतं बघणाऱ्याला) लागते. अ‍ॅडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर यांना मॉडेल बदलायचाच हक्क असतो, त्यांच्यापुढं रोल फिका. त्याला व्ह्यूअर करा किंवा वर्कस्पेसमधून काढून अ‍ॅपमधून रिपोर्ट द्या.

पानाबद्दल तुमचं बरोबर. लपवलेलं पान म्हणजे नुसती मांडणी. बिल्ड परवानगी (मॉडेलवर स्वतःचे रिपोर्ट करायची मुभा) असलेला माणूस एक्सेलमधून थेट मॉडेलला जोडून दर ओढू शकतो.

डॅक्सवाले_काका
दराच्या कॉलमला ऑब्जेक्ट लेव्हल सिक्युरिटी लावा, म्हणजे ओळी नाही, अख्खा कॉलमच झाकायचा. आम्ही टॅब्युलर एडिटर या वेगळ्या टूलमधून लावतो. त्या रोलपुरता कॉलम असून नसल्यासारखा होतो, आणि त्याच्यावर बांधलेली मेजर्सही (हिशोबाची सूत्रं) जातात. दर वापरणारा तक्ता सुपरवायझरच्या पानावर राहिला तर तिथं एरर येते, मग सकाळी सकाळी तुम्हालाच फोन. त्यांचा रिपोर्ट वेगळाच काढा.

आता खरी गोम. त्यांना गिऱ्हाईकवार विक्रीची रक्कम आणि डिस्पॅचचं वजन दिसतंय का? मग कॉलम झाकून काय उपयोग? मोबाइलवर भागाकार केला की दर हातात.

शिरोली_फौंड्रीवाला
पंचगंगाकाठ, बरोबर. तो माणूस मेंबर निघाला. व्ह्यूअर केला, प्रश्न मिटला.

काका, भागाकाराचं वाचून चहा तसाच राहिला. विक्रीची रक्कम त्यांना नाही दिसत, पण 'रिजेक्शन रुपयांत' आहे, आणि ते विक्रीच्या दरानंच काढलेलं. शेजारीच किलो. म्हणजे दर उघडाच.

रुपये काढून टाकायला जीव होत नाही. चाळीस किलो रिजेक्ट म्हटलं की कुणी मान वर करत नाही, रुपये दिसले की मोल्डिंगवाला वाळू तपासायला पळतो. म्हणून सुपरवायझरसाठी वेगळं मेजर करतोय: सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठोक किलोदर, मालक ठरवतील तो. भागाकार केला तर तोच आकडा परत येईल, खुशाल येऊ दे.

एक राहिलं. आमचे एक साहेब शॉपही बघतात आणि चार गिऱ्हाइकंही सांभाळतात. त्यांना दोन्ही रोल दिले तर चालेल?

डॅक्सवाले_काका
नाही चालणार. एका रोलची रो लेव्हल आणि दुसऱ्याची ऑब्जेक्ट लेव्हल एकाच माणसावर आली की रिपोर्ट एरर देतो. आणि दोन्ही रो लेव्हलचेच रोल असते तर बेरीज झाली असती, म्हणजे जास्तच दिसलं असतं. साहेबांसाठी तिसरा रोल करा: ओळी त्यांच्या चार गिऱ्हाइकांच्या, दर दिसायचा की नाही ते मालकांना विचारून. आणि रोलमध्ये एकेक ईमेल घालत बसू नका, सिक्युरिटी ग्रुप (आयटीनं केलेला माणसांचा गट) घाला. माणूस सोडून गेला की आयटीवाला ग्रुपमधून काढतो, तुम्हाला मॉडेल उघडावं लागत नाही.