मत देताना आपल्याला नेमकं काय माहीत असतं? (अनुभव धागा)

धागाकर्ता (पुणे)

नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, महापालिकांच्या झाल्या. २०२२ पासून प्रशासकांच्या हातात असलेली शहरं पुन्हा निवडून दिलेल्या माणसांकडे गेली. या सगळ्या धामधुमीत एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलं : "लोकांना काही कळत नाही, लोक नुसते शिक्के मारतात." मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

तुम्ही कोणाला मत दिलंत ते सांगू नका. एवढंच सांगा : मत देताना उमेदवाराबद्दल तुम्हाला काय ठाऊक होतं, ते कुठून कळलं, आणि काय कळायला हवं होतं पण कळलं नाही.

सुरुवात मी करतो. आमचा प्रभाग चार जणांचा, म्हणजे अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. मी प्रमुख उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचली. त्यातून कोणाची जमीन किती, गाड्या किती, कर्ज किती, खटले कोणते हे समजलं. पण आधी नगरसेवक राहिलेला माणूस सर्वसाधारण सभेत काय बोलला, पाण्याच्या किंवा कचऱ्याच्या कुठल्या ठरावावर त्यानं हात वर केला, हे कुठेच मिळेना. आधीची निवडणूक २०१७ ची. मधली जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं. २०१७ ते २०२६ या काळात पक्ष फुटले, चिन्हं बदलली, माणसं इकडची तिकडे गेली. जाब विचारायचा तर कशावरून? आमच्या सोसायटीत बहुतेकांनी शेवटी चारही मतं एकाच पॅनेलला दिली. मला त्यात आळस दिसला नाही. चार जागांसाठी इतक्या उमेदवारांची वेगवेगळी माहिती दहा-बारा दिवसांत कोण गोळा करणार?

कांदाचाळ (निफाड तालुका)

आमच्याकडच्या मतदाराला माहिती नसते असं म्हणणाऱ्यानं २०२४ च्या उन्हाळ्यात लासलगावच्या बाजार समितीत येऊन बसायला हवं होतं.

१९ ऑगस्ट २०२३ ला कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ती ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली आणि मुदत संपायच्या आतच पुढे ढकलली. एप्रिलात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची परवानगी दिली, तेव्हा इथला शेतकरी पेटून उठला. मग ४ मे ला बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावानं बाहेर विकायचं नाही) आणि वर ४० टक्के शुल्क राहिलंच. आमचं मतदान २० मे ला होतं. हा सगळा घटनाक्रम लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेली पोरं तारखांसकट सांगत होती. गावात प्रचाराला आलेल्यांना लोक विचारायचे, "बंदी उठवली म्हणता, मग शुल्क कशाला ठेवलं?" उत्तर कोणाचं पटत होतं, कोणाचं नाही, हेही लोक आपसात बोलायचे. निकालात आमच्या दिंडोरी मतदारसंघातून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या. कांदा हे त्यामागचं एकमेव कारण नसेल, पण मोठं कारण होतं, हे इथल्या कोणालाही विचारा.

आता दुसरी बाजू. याच मतदारसंघात, याच निवडणुकीत, एका अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली. त्याचा प्रचार मी तरी माझ्या गावात पाहिला नाही. त्याचं चिन्ह पिपाणी आणि आडनाव निवडून आलेल्या उमेदवाराचंच. निवडून आलेल्याचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. म्हणजे ज्या लोकांना निर्यात शुल्काचे टक्के पाठ होते, त्यांच्यातल्याच कित्येकांचं बोट यंत्रासमोर भलत्या चित्रावर गेलं असणार. वर्षभर गोळा केलेली माहिती त्या शेवटच्या क्षणी कामी आली नाही. यावर काय करावं हे मला अजून सुचलेलं नाही, पण त्या मतदाराला अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

@कांदाचाळ, तुमच्याकडे निकाल तरी फिरला नाही. आमच्याकडे लोकसभेला साधारण ३३ हजारांच्या फरकानं निकाल लागला आणि पिपाणीला ३७ हजारांच्या वर मतं होती. ती सगळी चुकून पडली असं म्हणता येणार नाही, आणि मला जिंकणाऱ्यावर किंवा हरणाऱ्यावर काही बोलायचंही नाही. पण माझ्या आजीचं सांगते. तिला जिल्ह्यातल्या प्रत्येक घराण्याचा इतिहास माहीत आहे, कोण कोणत्या साली कोणाला सोडून गेलं तेसुद्धा. नव्या चिन्हाचं मात्र तिनं एकदाच चित्र पाहिलं होतं, तेही घरापुढे लावलेल्या पत्रकावर. अपक्षांना चिन्हं मिळतात ती अर्ज माघारीनंतर. यंत्रावर कोण कितव्या क्रमांकावर, शेजारी काय चित्र, हे कळायला मतदानाआधी जेमतेम पंधरा दिवस हातात राहतात. मी तिला नमुना मतपत्रिका दाखवून समजावलं. ज्यांच्या घरी दाखवणारं कोणी नाही त्यांचं काय?

खडू-फळा (सोलापूर जिल्हा)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. निवडणुकीचं काम आमच्या वाट्याला कायमचंच, त्यामुळे मतदार मला टेबलाच्या पलीकडून दिसतो.

२०१७ ची जिल्हा परिषद निवडणूक लक्षात राहिली. त्यात प्रत्येकाला दोन मतं द्यायची होती, एक जिल्हा परिषदेसाठी आणि एक पंचायत समितीसाठी. माणूस एक बटण दाबून निघायचा, यंत्र मात्र थांबलेलं. आम्ही हाक मारायचो, "मावशी, अजून एक राहिलंय." "अजून कशाचं?" असं विचारणाऱ्या खूप भेटल्या. खरं सांगायचं तर पंचायत समिती काय करते हे त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. रांग लागलेली असताना मतदान खोलीत मीही ते सांगू शकत नव्हतो, आणि सांगूही नये.

त्याच निवडणुकांमध्ये उमेदवारांची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे यांचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर लावण्याची पद्धत आली. चांगली गोष्ट. पण तोपर्यंत माणूस घरून ठरवून आलेला असतो. उन्हात उभा राहून बारीक अक्षरातला तक्ता वाचणारे मला फार थोडे दिसले. जे वाचत होते ते बहुतेक तरुण होते, आणि मोठ्यानं वाचून शेजारच्याला सांगत होते. हीच माहिती आठ दिवस आधी चावडीवर, दूध डेअरीवर, रेशन दुकानाबाहेर ठळक अक्षरात लागली असती तर तिच्यावर चर्चा झाली असती. माहिती नुसती जाहीर करून भागत नाही, तिच्यावर चार लोकांत बोलणं व्हायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. माझ्या शाळेच्या खोल्या, दुरुस्ती, पाण्याची टाकी हे सगळं ज्या जिल्हा परिषदेच्या हातात, तिच्या प्रचारात शाळा हा शब्द मी क्वचितच ऐकला. भाषणं होतात ती दिल्ली-मुंबईच्या नेत्यांवर.

नवमतदार (नागपूर)

पहिलं मतदान केलं ते विधानसभा २०२४ ला. माझ्यापर्यंत जे पोचलं ते सगळं रील्समधून. भाषणाचे तीस सेकंद, मागे गाणं. उमेदवाराचं शिक्षण मी स्वतः शोधलं, ते निवडणूक आयोगाच्या अॅपवर सहज मिळालं. आमच्या मतदारसंघातले तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे उमेदवार कोण आहेत, त्यांना काय म्हणायचंय, हे मात्र कुठल्याच रीलमध्ये नव्हतं.

चावडी (परभणी जिल्हा)

ग्रामपंचायतीचं सांगते. आमच्याकडं उमेदवाराबद्दल माहीत नाही असं काहीच नसतं. जमीन किती, सोसायटीचं कर्ज किती, भावाभावांत वाद कशावरून, दवाखान्याला रात्री जीप कोण काढतं, मयतीला कोण येतं. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर गाव लगेच ओळखतं. आणि मयतीला कोण येतं यावर मत देणारे लोक मूर्ख नाहीत. अडचणीला धावणारा माणूस हवा हा विचार बरोबरच आहे.

पण गावाला पैसा किती येतो, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येतो हे बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी सांगितलं. मग गटातल्या एका पोरीनं मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल उघडून आमच्या गावाचं नाव टाकलं. कामांची यादी आली, रकमा आल्या. आमच्या गल्लीतली नाली त्यात होती. गल्लीत मात्र नाली नव्हती. पुढच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचे लोक मतं मागायला आले तेव्हा बायांनी ती यादी समोर धरली. उत्तर देताना दोघांचीही तारांबळ झाली. त्या वेळेपासून आमच्या गटात मतदानाआधी ती यादी बघायचीच, असं ठरलंय.

अजून एक. जागा बाईसाठी राखीव होती. फ्लेक्सवर तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा, बोलायला नवरा, सभेत नवरा. ज्या बाईला आम्ही थेट सरपंच म्हणून निवडणार, तिचा आवाज मतदान होईपर्यंत गावानं ऐकला नाही. ही माहिती दडवण्याचाच प्रकार आहे. आम्ही काही जणी तिच्या घरी जाऊन भेटलो. चांगली हुशार निघाली ती. हिशेब वहीत लिहिणारी. तिला माईक दिला असता तर आणखी मतं मिळाली असती.

पारावरून (लातूर)

२०१९ ला लातूर ग्रामीण विधानसभेत 'नोटा' (यांपैकी कोणीही नको) दुसऱ्या क्रमांकावर होतं, २७,५०० मतं. पलूस-कडेगावलाही तसंच झालं होतं. शेवटचं बटण कुठलं आणि त्याचा अर्थ काय, हे एवढ्या लोकांना नीट कळलं होतं. बहुतेकांना हेही माहीत होतं की विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी पहिला उमेदवारच निवडून येतो. तरी दिली. त्याला अज्ञान म्हणू नका.

मांडवी (पणजी)

गोव्यातले मतदारसंघ लहान, सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. उमेदवार घरात येऊन बसतो, नावानं हाक मारतो. त्यामुळे ओळख नाही अशी आमची तक्रार असूच शकत नाही.

२०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका दमात भाजपमध्ये गेले, म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी लोकांनी एकच गोष्ट विचारली : निवडून आल्यावर राहणार का? काँग्रेसनं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रॉसजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या. फेब्रुवारीत मतदान झालं. सप्टेंबरात काँग्रेसच्या अकरा आमदारांतले आठ भाजपमध्ये गेले. इथं मतदारानं याहून जास्त काय जाणून घ्यायला हवं होतं? त्यानं नेमका प्रश्न विचारला होता, आणि देवासमोर दिलेलं उत्तरही ऐकलं होतं. यातला दोष मतदाराच्या माहितीत शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

कोकणकडा (महाड)

+१. २०२२ आणि २०२३ मधल्या पक्षफुटीनंतर महाराष्ट्रातही माझ्यासारख्या लाखो लोकांना हाच प्रश्न पडला, मत कुठल्याही बाजूला दिलेलं असो.

दूरदेशी (कॅलिफोर्निया)

इथली नागरिक झाल्यापासून मतदान करते. निवडणुकीआधी राज्याकडून टपालानं एक जाडजूड पुस्तिका घरी येते. मतदारांनी थेट मत द्यायच्या प्रत्येक प्रस्तावावर तो काय आहे, खर्च किती, बाजूनं कोण काय म्हणतं, विरोधात कोण काय म्हणतं, सगळं छापलेलं. नोव्हेंबर २०२४ ला राज्यपातळीवरचेच दहा प्रस्ताव होते. मतपत्रिका घरी येते, त्यामुळे ती समोर ठेवून सावकाश वाचता येतं. आम्ही चार मराठी घरं एकत्र बसून प्रस्ताव वाटून घेतो, ज्यानं जो वाचला तो इतरांना समजावतो.

तरीही पुढच्या पानावर न्यायाधीश, शाळा मंडळ, पाणी मंडळ यांची नावं आली की सगळ्यांची गाडी अडते. शेजारी पस्तीस वर्षं इथं राहणारी बाई आहे, तीसुद्धा म्हणते, "ही नावं मी कधी ऐकलेली नाहीत." म्हणजे पुस्तिका असूनही भागतंच असं नाही. पण आई-बाबांच्या गावी अशी मराठीतली पुस्तिका घरोघर गेली तर किती बरं होईल, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

दस्तऐवज (ठाणे)

धागाकर्त्यांनी प्रतिज्ञापत्राचा विषय काढला म्हणून लिहितो. हा हक्क आपल्याला सहजी मिळालेला नाही. उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण मतदाराला कळलं पाहिजे असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं मे २००२ मध्ये दिला. संसदेनं कायदा करून तो बोथट केला, तेव्हा मार्च २००३ मध्ये न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. २०२० मध्ये आणखी पुढे जाऊन पक्षांना सांगितलं की खटले असलेला उमेदवार का निवडला याची कारणं जाहीर करा, आणि 'निवडून येण्याची क्षमता' एवढंच कारण चालणार नाही.

मी विधानसभेच्या वेळी नमुना २६ (म्हणजे हेच प्रतिज्ञापत्र) असा वाचतो. आधी पाच वर्षांचं उत्पन्न बघतो. मग जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या नावावर काय आहे ते. मग सरकारी देणी. खटल्यांमध्ये आंदोलनाचे गुन्हे आणि मारहाण, फसवणुकीचे गुन्हे वेगळे काढतो, कारण रस्ता रोको केलेला माणूस आणि ठेवीदारांचे पैसे बुडवलेला माणूस एका ओळीत बसत नाहीत. बातमीत नुसता 'अमुक गुन्हे दाखल' असा आकडा येतो, त्यावर जाऊ नका.

धागाकर्ता

@दस्तऐवज, आधीच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र कुठे मिळतं? मालमत्ता किती वाढली ते बघायचं तर दोन्ही हवीत.

दस्तऐवज (ठाणे)

लोकसभा-विधानसभेची निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, उमेदवाराच्या नावानं शोधा. महापालिका, जिल्हा परिषद यांचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे असतं, ती वेगळी यंत्रणा. म्हणून मी निवडणूक चालू असतानाच आमच्या प्रभागातली सगळी उतरवून घेतली. २०२६ च्या जानेवारीतली माझ्याकडे आहेत. तुमच्याकडे पुण्याची असतील तर जपून ठेवा, पुढच्या वेळी हेच उमेदवार पुन्हा उभे राहतील तेव्हा शेजारी ठेवून वाचता येतील.