डॉज फ्लॅटहेड सिक्स: हेड किती घासायचं?

प्रश्न: डॉज गाडीचं २३० क्यूबिक इंचाचं इंजिन उघडलंय. पॉवरसाठी उद्यमनगरात हेड (सिलिंडरवरचं झाकण) प्लेन करायला टाकतोय. किती काढू?

– ६० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आतच थांब भावा. फ्लॅटहेडात व्हॉल्व्ह हेडात नाही, सिलिंडरशेजारी ब्लॉकात असतात, हेड खाली आलं की व्हॉल्व्हवरून सिलिंडरकडं जायची हवेची वाट आवळते. कॉम्प्रेशन वाढतं, पण वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. व्हॉल्व्हवर प्लॅस्टिसिन लाव, जुनं दबलेलं गॅस्केट घालून हेड कस, क्रँक हातानं फिरव. प्लॅस्टिसिन ५० थाऊपेक्षा पातळ झालं, तर हेडात तेवढी जागा कोर.

– आधी ब्लॉक क्रॅक-टेस्ट करा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (बसायची जागा) ते बोअर (सिलिंडरचं भोक) या पट्टीत चीर निघाली तर मशिनिंगचे पैसे पाण्यात.

– आणि वॉटर पंपामागची, ब्लॉकात मागपर्यंत पाणी पोचवणारी पत्र्याची लांब नळी? ती गंजली की मागचे सिलिंडर तापणारच. उपसून नवी घाला.