ब्रिटनमध्ये टेक आणि क्रिएटिव्ह कंपन्यांचा टॅक्स सल्लागार व्हायचं तर सुरुवात कुठून करावी?

ताळेबंद:
मध्यम आकाराच्या फर्ममध्ये दोन-तीन वर्षं कॉर्पोरेशन टॅक्सची रिटर्नं भरली आहेत, सीटीएचे (चार्टर्ड टॅक्स अ‍ॅडव्हायझर) पेपर चालू आहेत. अशा माणसाने सॉफ्टवेअर, गेम आणि फिल्म कंपन्यांकडे वळायचं तर कसं? फक्त आर अँड डीची (संशोधन आणि विकासाच्या खर्चावरची करसवलत) क्लेम करणाऱ्या छोट्या फर्ममध्ये जावं, की आहे तिथेच राहून तसे क्लायंट मागून घ्यावेत? आणि रोजचं काम नेमकं काय असतं?

लाल_शाई:
आहे तिथेच राहा, निदान सीटीए हातात येईपर्यंत. क्लेमच्या रकमेवर टक्केवारी घेणाऱ्या फर्ममध्ये एकच सवलत शिकायला मिळते, तीही ताणून. एचएमआरसीची (ब्रिटनचं कर खातं) चौकशी लागली की सही करणारा अडकतो. 'टॅक्स अ‍ॅडव्हायझर' हे बिरूद ब्रिटनमध्ये कुणीही लावू शकतं, म्हणून तर सीटीए किंवा एसीए (चार्टर्ड अकाउंटंटची पात्रता) आणि त्यासोबत येणाऱ्या आचारसंहितेला किंमत आहे.

रिटर्न भरणाऱ्याकडे एक गोष्ट आपसूक असते, ती म्हणजे तारखा. कंपनी आर अँड डीचा क्लेम पहिल्यांदा करत असेल, किंवा गेल्या तीन वर्षांत केला नसेल, तर वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत एचएमआरसीला तशी पूर्वसूचना द्यावी लागते. वर्ष ३१ डिसेंबर २०२५ला संपलं तर मुदत ३० जून २०२६. रिटर्नची मुदत मात्र ३१ डिसेंबर २०२६. हिशेब सप्टेंबरमध्ये टेबलावर आले, तर काम कितीही अस्सल असो, त्या वर्षाचा क्लेम गेला. म्हणून वर्ष संपताच सगळ्या टेक क्लायंटना दोन ओळींचा ईमेल टाकायची सवय लावा. दुसरा खड्डा 'अ‍ॅडिशनल इन्फर्मेशन फॉर्म'चा. ८ ऑगस्ट २०२३पासून तो सक्तीचा आहे. रिटर्नच्या आधी किंवा त्याच दिवशी गेला नाही, तर क्लेम ग्राह्यच धरत नाहीत.

कोरडा_हिशोब:
वरच्याशी सहमत. रोजच्या कामाचं म्हणाल तर निम्मा वेळ डेव्हलपरांशी बोलण्यात जातो. 'काम अवघड होतं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: उपलब्ध माहितीतून जाणकार माणसाला उत्तर सहज का सापडलं नसतं? काय काय करून पाहिलं, काय फसलं? असं अ‍ॅप बाजारात दुसरं नाही, हे आर अँड डी नव्हे. माहीत असलेल्या लायब्ऱ्या जोडून केलेलं साइन-अप, पेमेंट, डॅशबोर्ड हेही नव्हे.

मग आकडे. १ एप्रिल २०२४पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आर अँड डीची एकत्रित योजना लागू आहे. क्रेडिट (सरकारकडून मिळणारी रक्कम) आर अँड डी खर्चाच्या २०%, पण त्यावर कर लागतो. २५% दराच्या कंपनीच्या हातात शंभराला १५ पौंड, तोट्यातल्या कंपनीच्या हातात १६.२०. तोट्यात असलेली आणि एकूण खर्चाच्या किमान ३०% आर अँड डीवर घालणारी लहान कंपनी असेल, तर शंभराला २६.९७पर्यंत.

क्लेम नेहमी त्याच त्या जागी फुटतात:
– संस्थापक पगार नाममात्र घेतात, बाकी लाभांश. लाभांश धरता येत नाही, त्यामुळे ज्याने सगळं डोकं चालवलं त्याचाच खर्च शून्याजवळ येतो.
– क्लाउडचं अख्खं बिल टाकतात. ग्राहकांना सेवा देणाऱ्या सर्व्हरचा भाग वगळायचा असतो.
– परदेशी फ्रीलान्सर. 'तिथे स्वस्त पडतं' किंवा 'इथे माणसं मिळत नाहीत' ही कारणं चालत नाहीत.
– दुसऱ्यासाठी सॉफ्टवेअर बनवणारी एजन्सी. करार होताना ग्राहकाच्या मनात आर अँड डी होतं का, यावर क्लेम कुणाचा ते ठरतं. करार वाचल्याशिवाय आकडा सांगूच नका.
– वर्ष उलटल्यावर आठवून भरलेले 'प्रत्येकाचे ७०%'. अधिकारी पहिलं बोट तिथेच ठेवतो.

पडद्यामागे:
गेम आणि फिल्मचं गणित वेगळं. इथे शोध लावायचा नसतो, प्रमाणपत्र मिळवायचं असतं. ते बीएफआयच्या (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) सांस्कृतिक चाचणीवर मिळतं, गेमला ३१पैकी १६ गुण लागतात, फिल्मला ३५पैकी १८. शिवाय मुख्य खर्चाच्या (प्रत्यक्ष गेम किंवा फिल्म बनवण्याचा खर्च) किमान १०% ब्रिटनमध्ये व्हायला हवा. गेमला क्रेडिट ३४%, पण मुख्य खर्चाच्या ८०% किंवा ब्रिटनमधला प्रत्यक्ष मुख्य खर्च, यांतल्या लहान आकड्यावर. मुख्य खर्च १० लाख पौंड आणि सगळा ब्रिटनमध्ये असेल, तर ८ लाखांवर २,७२,००० पौंड, त्यातून २५% कर वजा जाता २,०४,०००. त्यातले ३ लाख परदेशात गेले असतील, तर आधार ७ लाखच.

'मुख्य' शब्दावर घोळ होतो. गेमची सुरुवातीची संकल्पना त्यात नाही, आणि पूर्ण झालेल्या गेममधले बग काढणंही नाही. फिल्मच्या बाजूला निर्मितीसाठी वेगळी कंपनी काढतात, आणि ती बऱ्याचदा उशिरा काढतात. पूर्वतयारीपासून ती कंपनी प्रत्यक्ष कामात नसेल, तर सवलत हातची जाते. निर्माता 'बजेट पक्कं झालं' म्हणाला की त्याच आठवड्यात कंपनीचं विचारा.

ताळेबंद:
आभार! गेम कंपनीने आर अँड डी आणि गेमचं क्रेडिट दोन्ही घ्यायचं का?

कोरडा_हिशोब:
एकाच खर्चावर नाही. वर्गवारी खात्यातच करावी लागते, रिटर्नच्या रात्री नव्हे. साधारणपणे शंभराला २०.४० देणारं गेमचं क्रेडिट १५पेक्षा बरं. पण कंपनी तोट्यात आणि ३०%ची अट पुरी करणारी असेल, तर इंजिनावरच्या खऱ्या आर अँड डीला २६.९७ मिळू शकतात. चाचणीत न बसणाऱ्या गेमला तर आर अँड डीच उरतं. दोन्ही बाजूंनी मांडून बघा.

लाल_शाई:
एक राहिलं. हे क्लायंट गुंतवणूक उभी करतात, तेव्हा ईआयएस (छोट्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्यांना करसवलत देणारी योजना) शिकून घ्या. पैसे खात्यात येण्याआधी शेअर वाटले, तर ते 'पूर्ण भरलेले' ठरत नाहीत आणि गुंतवणूकदाराची सवलत बुडते. कंपनी सचिवाला क्रम लिहून द्या: आधी बँकेत पैसे, मग संचालक मंडळाचा ठराव, मग शेअर.