लढाईजवळ ड्युटी केलेल्या बायांनो, तुमचं लिहा (अनुभव धागा)

17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, गावात झेंडावंदन झालं, मग माजी सैनिकांचा सत्कार, शाल-नारळ सगळं. मागच्या रांगेत माझी मावशी बसलेली, मिलिटरी हॉस्पिटलात वीसेक वर्षं काढलेली, पण तिचं नाव काही पुकारलं नाही. विचारलं तर म्हणले, त्या सिस्टर होत्या ना, फौजी कुठं. आता मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची सिस्टर लेफ्टनंट म्हणूनच लागते, खांद्यावर स्टार असतात, हे यांना कोण सांगणार! मावशी म्हणली जाऊ दे, नारळ घरी आहे. पण मला काही जाऊ देता येईना म्हणून हा धागा. स्वतःचं लिहा नाहीतर घरातल्या कुणाचं. आधी मावशीचंच टाकते, ती सांगायली अन् मी टाइप करायले.

मावशी (जि. परभणी)
1999 चा जून. मी श्रीनगरला 92 बेस हॉस्पिटलात. द्रास-कारगिलकडून पोरं हेलिकॉप्टरनं यायची, पंख्याचा आवाज आला की हातातला चहा तिथंच ठेवून ट्रॉलीकडं पळायचं. स्प्लिंटरच्या जखमा लई, म्हणजे तोफगोळ्याचे तुकडे, बाहेरून बोटाएवढं भोक अन् आत सगळा चुरा. पण मला सगळ्यात जास्त बूट आठवतात. पाय सुजला की बूट निघत नाही, आधी लेस कापायची मग कातर घोट्यापासून खाली न्यायची, अन् कुणाच्या पायाचं काय झालंय ते बूट उघडल्यावरच कळायचं. थंडीनं बोटं काळी पडलेली असली तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं. आपल्याकडं कुणाला थंडी वाजली की आपण हात चोळतो ना, तसं केलं तर कातडं हातात येतं.
एकदा मी वॉर्डात कुणावर तरी ओरडले, "थांब की रे जरा!" तर कोपऱ्यातल्या बेडवरून आवाज, "ताई, तुम्ही कुठल्या?" बीडकडचा निघाला. तोवर मॅडम मॅडम करत होता. सुरुंगावर पाय पडलेला, डावा पाय गुडघ्याखाली नव्हता अन् तरी म्हणायला, अंगठा खाजवायलाय. इनलँड लेटर लिहून घेतलं माझ्याकडून. "लिहा, पायाला थोडं लागलंय." मी थोडं हा शब्द लिहिला. दुसरं काय लिहिणार?

भूमकडची नात
माझ्या आजीची लढाई म्हणजे 1948 ची, रझाकाराच्या टायमाची. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडं, माणसं तिकडं अन् बायका इकडं गावात. आजी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन हद्दीकडच्या रानात जायची, शेणाखाली फडक्यात भाकरी अन् चिठ्ठी चुंबळीत गुंडाळलेली. एकदा वाटंत अडवलं, पाटी उतर म्हणले, तिनं चुंबळ तशीच डोक्यावर ठेवून पाटी खाली टेकवली. शेणात हात घालायची कुणाची हिंमत झाली नाही. हे सांगताना ती दरवेळी पदर तोंडाला लावून हसायची. पुढं 13 सप्टेंबरला भारताची फौज घुसली अन् 17 ला निजाम शरण आला, तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल.
धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांनी तर हातात बंदूक घेतली, त्यांचं नाव तरी राहिलं. आजीनं पेन्शनसाठी अर्ज केला तर साहेब म्हणला पुरावा आणा. भाकरीचा पुरावा कुठून आणायचा? परत गेलीच नाही ती.

केजची, बीएसएफ
मी लिहू का नको करत होते कारण ड्युटीचं सगळं लिहिता येत नाही, जेवढं चालतंय तेवढं लिहिते. मी जम्मूकडं, सीमेवर. एरवी आमचं काम म्हणजे तारेपलीकडं आपल्याच लोकांची शेती असते, गेट ठरल्या टायमाला उघडतं, जाणाऱ्या-येणाऱ्या बायांची झडती आम्ही घ्यायची, डब्यातल्या रोट्यासुद्धा उलगडून बघायच्या. त्या बाया आधी चिडायच्या, नंतर आमच्यासाठी मुळा आणायला लागल्या.
मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या टायमाला, मात्र 7 तारखेपासून झोप अशी नाहीच. आमच्याकडं बंकरला मोर्चा म्हणतात, तर मोर्चात बसून गोळा पडल्यावर जमीन आधी हलते का आवाज आधी येतो हेच मोजायले होते मी, डोकं कशात तरी गुंतवायचं म्हणून. अन् पाळी त्याच दिवशी यायची होती! पॅड खिशात होते, बदलायला आडोसा कुठं, मग एकीनं पाठ करून उभं राहायचं. परगवालकडच्या चौकीवर असिस्टंट कमांडंट नेहा भंडारी अन् सहा महिला कॉन्स्टेबल होत्या, त्यांचं पेपरात आलं, बरं वाटलं. 10 ला फायरिंग थांबल्यावर घरी फोन लागला तर माय म्हणती, "टीव्हीवर कराची बंदर उडवलं म्हणायलेत, मंग तू घरी कधी येतीस?"

अंबाजोगाईची भरतीवाली
ताई, मी भरतीची तयारी करायले. 1600 मीटर साडेआठ मिनिटांत, माझे नऊ होयलेत. सकाळी रोडवर पळते तर लोक बघायलेत. काय करू?

केजची, बीएसएफ
बघू दे. चारला उठ, तेव्हा फक्त दूधवाले असतात. अन् शेवटच्या चारशेत दम राखून ठेव, सगळ्या पोरी सुरुवातीलाच जोरात सुटतात.

भूमकडची नात
मावशींना विचारा ना, त्या बीडच्या पोराचं पुढं काय झालं.

धागा काढणारी
विचारलं. पुण्याला आर्टिफिशियल लिंब सेंटरला पाठवलं होतं, पायासाठी. त्यापुढं तिला माहीत नाही. नाव पण आठवेना. पत्त्याखालचा पिनकोड 431 नं सुरू होत होता म्हणती, आपल्यासारखाच.